खाट मावणार नाही अशी खोली : शहापूरच्या परड्यातलं एक प्रकरण

बेळगावच्या शहापुरात राहणाऱ्या, मराठी शाळेत शिकवणाऱ्या एका बाईंनी घरामागच्या परड्यात छोटी लाकडी खोली माझ्याकडून आखून मागितली. मागणी एवढीच होती : "आत काय करायचं नाही, खरं शांत बसायला जागा पाहिजे."

झोपायची खोली असली तर खाटेचं माप ठरलेलं असतं, स्वयंपाकघरात ओट्याची उंची ठरलेली असते. जिथं काहीच करायचं नाही त्या खोलीला माप कशाचं लावायचं? शिवाय ती बांधून झाली की घरातली उरलेली माणसं तिचं काय करतील, हा प्रश्न आवाजापेक्षा मोठा निघाला. त्याच्याकडे येतोच, आधी जागा.

शहापूर हे जुन्या सांगली संस्थानातलं गाव, विणकरांची आणि व्यापाऱ्यांची पेठ. पलीकडे कॅम्पात, म्हणजे लष्करी छावणीत, इंग्रज, अलीकडे सांगलीच्या पटवर्धनांची हद्द. पेठेतल्या जागा रस्त्याला अरुंद आणि मागे लांबच लांब. हे घरही तसंच आहे. रुंदी २२ फूट, लांबी सव्वाशे फुटांच्या आसपास. पुढं सोपा, मग माजघर, स्वयंपाकघर, न्हाणी आणि शेवटी पस्तीसेक फुटांचं परडं. परड्यात आड, एक फणस, कढीपत्त्याचं झाड आणि धुणं धुवायचा दगड. आठ-नऊ वर्षांपूर्वी घराची माडी उतरवली तेव्हाच्या तुळया आणि फळ्या न्हाणीच्या भिंतीला लावून पत्र्याखाली रचलेल्या होत्या.

आवाज दोन बाजूंनी. पुढून रस्ता : रिक्षा, दुचाक्या, भाजीवाले, हॉर्न. उत्तरेला भिंतीला भिंत लावून शेजाऱ्यांची शेड आणि तिच्यात चार यंत्रमाग. सकाळी आठला सुरू, दुपारी जेवणाला तासभर बंद, मग रात्री आठपर्यंत. गणपती विसर्जन आणि शिवजयंतीचे चित्ररथ हे आवाज मी मुद्दाम हिशेबाबाहेर ठेवले. वर्षातल्या त्या रात्रींसाठी खोली आखायची नसते. त्या रात्री बाई स्वतःच चित्ररथ बघायला गर्दीत उभ्या असतात.

फोनवरच्या ॲपने आवाज मोजला. ते काही प्रमाणित यंत्र नव्हे, पण दोन जागांची तुलना करायला चालतं. माग चालू असताना परड्यात आकडा ७० च्या आसपास, बंद असताना ५० च्या खाली. निवासी भागासाठी २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतली मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. म्हणजे परड्यात रस्ता जवळपास पोचतच नव्हता. पुढच्या घराच्या दगडमातीच्या दीड-दोन फुटी भिंती मध्ये उभ्या होत्या, त्यांनी ते काम आधीच करून ठेवलं होतं. बाईंचा सगळा राग रस्त्यावर होता. प्रत्यक्षात भांडण एकट्या उत्तर बाजूशी होतं, आणि हे कळल्यावर निम्मा आराखडा आपोआप ठरला.

बाईंनी फोनवर एक फोटो जपून ठेवला होता. फिनलंडच्या हेलसिंकी शहरात, ऐन बाजारपेठेच्या चौकात, २०१२ साली बांधलेलं काम्पी प्रार्थनागृह. बाहेरून स्प्रूसच्या वळवलेल्या पट्ट्या, आतून अल्डरच्या फळ्या, भिंतीला साध्या खिडक्या नाहीत, उजेड फक्त वरच्या कडेने भिंतीवरून उतरतो. "असलं काहीतरी," बाई म्हणाल्या. फोटोत लाकूड दिसतं म्हणून शांतता लाकडाची वाटते. तिथल्या भिंतीला जाडी आहे, थर आहेत आणि भोकं नाहीत, हे फोटोत दिसत नाही. शिवाय हेलसिंकीला ऊब कोंडून ठेवायची असते. आपल्याला एप्रिलच्या दुपारी वारा आत घ्यायचा असतो आणि वारा आला की त्याच्या मागोमाग आवाज येतो. फोटोतली एकच गोष्ट उचलायची ठरली : डोक्यावरून भिंतीवर उतरणारा उजेड. त्यासाठी आपल्याकडे काचेची कौलं पूर्वापार आहेतच.

आता वजनाचा हिशेब. बाईंना तो आवडला नव्हता, तरी इथं देतो, कारण लाकडी खोली मागणाऱ्या प्रत्येकाला तो कधी ना कधी द्यावा लागतो. आवाज अडवण्याचं काम मुख्यतः भिंतीचं वजन करतं. वजन दुप्पट केलं की ढोबळमानाने सहा डेसिबल कमी होतात. एक इंची सागवानी फळी चौरस मीटरला साधारण सोळा किलो भरते. नऊ इंची विटांची, दोन्हीकडून गिलावा केलेली भिंत साडेचारशेच्या घरात जाते. मागाचा धबधब आवाज तर खालच्या पट्टीतला, त्याला फळी म्हणजे पडदाच. म्हणून उत्तरेची भिंत लाकडाची नको, विटांची हवी असं सांगितलं. बाई गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "मग लाकडाची खोली कशाला म्हणायचं?"

मधला मार्ग असा निघाला. उत्तरेची भिंत नऊ इंची विटांची, थेट आढ्यापर्यंत, आणि खोलीच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट पुढं काढलेली, म्हणजे आवाज कडेने वळून आत येताना आणखी थकतो. तिच्या आतल्या अंगाला अर्ध्या इंचाच्या फटी सोडून लाकडी पट्ट्या आणि पट्ट्यांमागे वाकळ. ही वाकळ घरातल्या आज्जींनी, म्हणजे बाईंच्या सासूबाईंनी, जुन्या लुगड्यांची शिवलेली. पेटीत पडून होती. फटींतून आत गेलेला आवाज वाकळीच्या थरांत जिरतो, आणि छोट्या लाकडी खोलीत टाळी वाजवली की जो खणखणीत घुमारा येतो तो येत नाही. बाजारात याच कामाला महागडे फोमचे तुकडे मिळतात. वाकळ त्यांच्याहून जड आहे आणि जुनी झाली तर बदलता येते. दिव्यासाठी याच भिंतीत एक उथळ कोनाडा ठेवला आणि वाकळ त्याच्यापासून दीड फूट अलीकडे थांबवली. तेलाचा दिवा आणि लुगड्यांची वाकळ शेजारी नकोत.

विटांची भिंत हवेतला आवाज अडवते, जमिनीतून येणारा हादरा नाही. यंत्रमागाचा ठोका जमिनीतून जोत्यात चढतो. परड्यातल्या दगडावर अनवाणी उभं राहिलं की तळपायाला कळतं. म्हणून दोन गोष्टी केल्या. खोली शेजाऱ्यांच्या भिंतीला कुठंही टेकवली नाही, मध्ये दीड फुटाची मोकळी बोळ सोडली. आणि लाकडी खांब तळखड्यावर, म्हणजे खांबाखालच्या दगडावर, ठेवताना मध्ये जाड रबराचे तुकडे घातले. तिसरी गोष्ट शेजाऱ्यांच्या शेडमध्ये करायची होती, पण ती आपल्या हातात नव्हती. त्यांना बाईंनी स्वतः जाऊन विचारलं, मागांच्या पायाखाली रबराचे पॅड घालाल काय, खर्च आम्ही देतो. ते म्हणाले, "बाई, माग हलला तर कापड बिघडतंय." बोलणं तिथंच थांबलं.

परड्यातला जुना लाकूडफाटा हा या कामातला सगळ्यात आनंदाचा भाग. नवं सागवान घ्यायचं तर दांडेलीच्या सरकारी डेपोकडे बघायचं, वाहतुकीचा पास, कटाई, आणि वर वाळायची वाट. जाडीच्या दर इंचाला वर्षभर सावलीत, असा सुतारांचा जुना अंदाज आहे. माडीचं लाकूड मात्र कित्येक दशकं छपराखाली वाळलेलं, आता त्यात आणखी आकसण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. तुळया सागवानी, काही मत्तीच्या, म्हणजे ऐनाच्या. कडीपाटाच्या फळ्या सगळ्या सागवानी.

मेस्त्री खानापूरकडचे. मराठीत मोजतात आणि चिडले की कानडीत बोलतात. पहिल्या दिवशी त्यांनी करवत पिशवीतून काढलीच नाही. एका बंद पडलेल्या स्पीकरचं लोहचुंबक दोरीला बांधून ते सागवानी तुळयांवरून सावकाश फिरवत राहिले. जुने चौकोनी खिळे लाकडात पार बुडालेले असतात, वरून दिसत नाहीत, आणि रंध्याच्या पात्याला एक खिळा लागला की पातं गेलंच. चुंबक जिथं ओढ घेईल तिथं खडूची फुली. मत्तीच्या तुळयांवर चुंबकाचीही गरज पडली नाही. त्या लाकडात टॅनिन भरपूर, लोखंडाशी गाठ पडली की भोवती काळा डाग पसरतो. मेस्त्री डाग बघूनच फुली मारत होते. मग हातोडीच्या मागच्या बाजूने टकटक करत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे. आवाज भरीव असला की पुढं, पोकळ लागला की थांबून सळईने टोचून बघायचं. गाभ्याचं लाकूड शाबूत होतं. कडेच्या पांढऱ्या लाकडाला किड्याने पीठ करून टाकलं होतं, ते तासून काढलं. उरलेल्या लाकडाला बोरिक आणि बोरॅक्सच्या पाण्याचे हात दिले. हा उपाय फक्त आतल्या आणि आडोशाच्या लाकडाला. पावसात भिजणाऱ्या लाकडातून तो धुऊन जातो.

जुन्या तुळयांना जुन्या खोबणी असतात. त्या बुजवून नव्या पाडता येतात, पण मेस्त्रींनी उलटा प्रस्ताव मांडला : खांबांमधलं अंतरच जुन्या खोबणींप्रमाणे घ्या. मी आखलेलं अंतर आठ फूट होतं, तुळईचं म्हणणं साडेआठ. तुळईचं ऐकलं. म्हणून खोली आतून पूर्व-पश्चिम साडेआठ फूट आणि उत्तर-दक्षिण साडेसात फूट झाली. या मापाचा पुढं वेगळाच उपयोग झाला.

छपराला मी पैसे वाचवू दिले नाहीत. बेळगाव अडीच हजार फुटांवर, सह्याद्रीच्या पाठीला लागून. वर्षाला १२०० मिलिमीटरच्या वर पाऊस, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर, आणि तो पश्चिमेकडून वाऱ्यासकट आडवा येतो. आढं उत्तर-दक्षिण ठेवलं, पश्चिमेची वळचण तीन फूट बाहेर काढली. वर मंगळुरी कौलं. नुसत्या कौलांच्या फटींतून आवाज आरपार जातो, म्हणून खाली वाशांवर फळ्यांचं छत, त्यावर सिमेंटचा बोर्ड, त्यावर काथ्याची जाड चटई, मग मोकळी हवा आणि मग रिपा नि कौलं. पावसाचा आवाज येतो, पण तो कौलांवरच्या पावसाचा. पत्रा घातला असता तर जुलैमध्ये आत बसून ताशा ऐकल्यासारखं झालं असतं. उत्तरेच्या भिंतीलगत दोन काचेची कौलं आणि त्यांच्याखाली छतात जाड दुहेरी काच बसवलेली फट. दिवसा तिथून उजेड पट्ट्यांवरून खाली सरकत येतो. हेलसिंकीतून उचललं ते एवढंच.

जोतं काळ्या दगडाचं, दीड फूट उंच. वाळवी या मातीत असतेच, औषध मारलं तरी काही वर्षांनी परत येते. ती थांबवण्यापेक्षा ती दिसेल अशी सोय करणं जास्त भरवशाचं. तळखडा आणि खांब यांच्यामध्ये, रबराच्या वर, पत्र्याची बाहेर डोकावणारी टोपी घातली. वाळवीला वर चढायचं तर टोपीला वळसा घालून मातीची नळी बांधावी लागते आणि ती डोळ्यांना दिसते. दीड फुटाच्या बोळीचा दुसरा उपयोग हाच : बॅटरी घेऊन आत शिरता येतं.

हवेचा प्रश्न मात्र खरोखर चिवट होता. जिथून हवा जाते तिथून आवाज जातो. दाराखालची बोटभर फट सगळ्या भिंतीची कमाई घालवते. सगळं बंद करावं तर एप्रिलमध्ये आत दहा मिनिटं बसवणार नाही. एसी बाईंना नको होता, आणि बरं झालं, कारण बाहेरचा ठोका घालवून आतली घरघर विकत घेण्यात काही अर्थ नव्हता. तोडगा जमिनीखाली सापडला. दार उघडून आत आलं की तीन फुटांची खालची पट्टी आणि पुढं एक फूट उंच लाकडी कट्टा. कट्ट्याखालच्या पोकळीत दक्षिणेकडून हवा शिरते, आतल्या आडव्या-तिडव्या फळ्यांमधून नागमोडी फिरते आणि उत्तरेच्या भिंतीत बसवलेल्या बाकाखालच्या फटीतून वर येते. त्या फळ्यांना काथ्याच्या चटया ठोकल्या आहेत. हवा वळणं घेत येते, आवाज प्रत्येक वळणावर चटईत मुरतो. गरम हवा दक्षिणेच्या त्रिकोणातल्या झडपांतून बाहेर पडते. पंखा नाही. मे महिन्याच्या दुपारी दोनला ही खोली सुखाची आहे असा माझा दावा नाही. त्या वेळी परड्यातल्या फणसाखाली बसावं, मागही जेवायला थांबलेले असतात.

खिडकी एकच, दक्षिणेला, आडाकडे तोंड करून. तिची खालची कड कट्ट्यापासून एक फूट आणि वरची चार फुटांवर. मांडी घालून बसलेल्या माणसाचे डोळे साधारण अडीच फुटांवर असतात, त्याला आड, कढीपत्ता आणि भिंतीवरचं शेवाळ दिसतं. उभ्या माणसाला काही दिसत नाही आणि समोरच्या तिमजली घराच्या गच्चीवरून आतलं माणूस दिसत नाही. उंच खिडकी ठेवली असती तर बाईंनी पहिल्याच आठवड्यात पडदा लावला असता.

आता घरातली माणसं.

आराखडा घरात दाखवला तेव्हा प्रत्येकाला त्यात आपापली खोली दिसली. बाईंच्या यजमानांना पाहुण्यांची : "एक खाट टाकली की झालं, न्हाणी शेजारीच आहे." मुलाला अभ्यासाची. आज्जींना दिवाळीची मोठी भांडी, गहू-तांदळाची पिंपं आणि गौरीचा संच ठेवायची. कुणाचंच चूक नव्हतं. बेळगावच्या जुन्या घरांत जागा अशाच वापरल्या जातात, मोकळी जागा म्हणजे अजून काही न ठेवलेली जागा. माझ्या कामात मी परड्यातल्या, गच्चीवरच्या अशा हौसेच्या खोल्या बऱ्याच पाहिल्या आहेत. त्यातल्या बहुतेकींना आवाजाने मारलं नाही, उपयोगाने मारलं. आधी एक पिंप येतं, "चार दिवस राहू दे" म्हणून.

म्हणून ही खोली दुसऱ्या कशालाच उपयोगी पडू नये अशी आखली. दार २ फूट ३ इंच रुंद. माणूस सहज जातो, कपाट जात नाही. कट्टा साडेपाच फूट बाय सहा फूट, कारण उत्तरेचा दीड फूट बाकाने खाल्ला. सव्वासहा फुटांची खाट त्यावर कुठल्याही बाजूने मावत नाही. खालच्या पट्टीत घातली तर दार उघडत नाही. माळा नाही, डोक्याच्या वर एकही आडवी फळी नाही. कट्ट्याखाली पोकळी आहे, पण ती हवेची वाट आहे, झाकण नाही. बाकाखालीही तेच. भिंतीला खुंटी नाही, कारण खुंटीवर आधी पिशवी येते आणि मग छत्री. विजेचा दिवा एकच आणि त्याचं बटण बाहेर. प्लग पॉइंट नाही.

यजमानांनी आराखड्यावर पट्टी ठेवून खाट बसवून बघितली, सरळ, आडवी, मग तिरकी. "मुद्दाम केलंय न्हवं हे?" त्यांनी विचारलं. हो म्हटलं. ते हसले, आणि मग पाहुण्यांसाठी माजघरातच दिवाण करायचं ठरलं. आज्जींचा प्रश्न वेगळा आणि जास्त खरा होता. सुनेला हाक मारली तर ऐकू जाईल काय? रात्री-अपरात्री त्यांना उठताना आधार लागतो. त्यासाठी स्वयंपाकघराच्या दारापासून खोलीच्या दारापर्यंत एक दोरी आणि तिच्या टोकाला पितळी घंटा लावली. विजेची बेल लावता आली असती, पण मग तार आली, तारेबरोबर प्लग आला असता.

खर्चाचा निम्म्याहून जास्त भाग छप्पर, जोतं आणि विटांची भिंत यांत गेला. लाकूड घरचं असूनही ते साफ करायची मजुरी नव्या लाकडाच्या कटाईपेक्षा जास्त पडली. जुनं लाकूड स्वस्त पडतं असं कुणी सांगितलं तर मेस्त्रींच्या मजुरीचा हिशेब आधी मागावा. बाहेरच्या लाकडाला जवसाच्या तेलाचे हात दिले. काजूच्या टरफलाचं तेल इकडे चंदगड-खानापूर पट्ट्यात मिळतं आणि टिकतंही, पण कातडीला फोड आणतं, म्हणून ते फक्त रिपांना आणि वाशांच्या बाहेरच्या टोकांना. जवसाच्या तेलाचे बोळे चोळामोळा करून कोपऱ्यात टाकले तर आपोआप पेट घेऊ शकतात. मेस्त्री ते रोज संध्याकाळी पाण्याच्या बादलीत बुडवायचे.

एक उन्हाळा आणि एक पावसाळा झाल्यावरची स्थिती. माग चालू असताना, खिडकी बंद करून, त्याच फोनवर आकडा ४५ च्या आसपास. खिडकी उघडली की ५० च्या थोडा वर. ठोका पूर्ण गेलेला नाही. पाठ बाकाला टेकवली की हलकासा जाणवतो, कारण बाक विटांच्या भिंतीत रोवलेला आहे. तो सोडवून कट्ट्यावर उभा करायचं ठरलं आहे. जुलैत खिडकीची झडप फुगून अडकली, रंधा मारून सैल केली. पश्चिमेच्या फळ्या तीन फुटी वळचणीमुळे कोरड्या राहिल्या. बाकाखालच्या फटीत मुंग्यांनी घर केलं, तिथं बारीक जाळी बसवली. काथ्याच्या चटया दर वैशाखात उन्हात घालायच्या, नाहीतर पावसाळ्यात कुबट वास येतो.

शेजाऱ्यांनी मागांच्या संख्येत दोनाची भर घालायचं ठरवलं, तेव्हा मेस्त्रींनी त्यांच्या शेडमध्ये जाऊन नव्या मागांच्या पायाखाली पॅड बसवून दाखवले. कापड बिघडलं नाही. आता जुन्या चारांखालीही घालायला ते तयार आहेत. हे आधी जमलं असतं तर उत्तरेची भिंत तरीही बांधावी लागली असती, रबराचे तुकडे कदाचित नाही.

बाई रोज शाळेतून आल्यावर अर्धा तास आत बसतात. घंटा बहुतेक वेळा आज्जी वाजवतात, चहा झाला म्हणून. मुलाची बारावी पुढच्या वर्षी आहे आणि प्लग पॉइंटचा विषय अजून मिटलेला नाही. त्याने लांब वायरचा एक्स्टेन्शन बोर्ड आणून बघितला, पण दार बंद होत नाही म्हणून बाईंनी तो परत पाठवला.